भरलं पोट, लहान मूल आणि भूल

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या एका लहान नर्सिंग होममध्ये नव्यानं भूल द्यायला लागलेल्या डॉक्टरांनी विचारलं आहे : पाच वर्षांचा, १८ किलो वजनाचा मुलगा संध्याकाळी साडेसातला पोळी-भाजी-भात जेवला. आठला जिन्यावरून पडला आणि कोपराच्या वरचं हाड मोडलं. हाडांचे (ऑर्थो) डॉक्टर म्हणतात, रात्री दोनला घेऊ, साडेसहा तास होतील, पोट रिकामं. हे मान्य करावं का? आणि दुसरं : सकाळच्या हर्नियाच्या यादीतल्या मुलांना पाणी ऑपरेशनच्या एक तास आधीपर्यंत द्यावं, दोन तास आधीपर्यंत, की जुन्या रिवाजाप्रमाणे रात्री बारानंतर सगळंच बंद?

पहिल्याचं उत्तर : मान्य करू नका. रात्री दोनलाही त्याचं पोट भरलेलंच धरा. दुसऱ्याचं उत्तर : एक तास, आणि मोजून. एका मुलाला साडेसहा तास पुरत नाहीत आणि दुसऱ्याला एक तास पुरतो, हे ऐकायला विसंगत वाटतं. पण दोन्ही उत्तरांमागचं कारण एकच आहे. घड्याळ फक्त त्याच पोटाला लागू पडतं, जे नेहमीसारखं पुढे सरकतं आहे.

आधी आकडे, म्हणजे भुलीत पोटातलं फुप्फुसात जाण्याची भीती किती बाळगायची ते ठरेल. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं १९८५ ते १९९७ या काळातल्या मुलांच्या ६३,१८० भुली तपासल्या. त्यात २४ मुलांच्या पोटातलं फुप्फुसात गेलं, म्हणजे साधारण २,६०० भुलींमागे एक. पण ठरवून केलेल्या ऑपरेशनांत हे प्रमाण ४,५४४ मागे एक होतं आणि तातडीच्या ऑपरेशनांत ३७३ मागे एक. बारा पट फरक. युरोपातल्या ३३ देशांत मिळून झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३१,१२७ भुलींत दहा हजारांमागे नऊच्या आसपास घटना दिसल्या. मेयोच्या त्या २४ मुलांपैकी एकही दगावलं नाही. १५ मुलांना तर दोन तासांत काही लक्षणच दिसलं नाही. तीन मुलांना मात्र ४८ तासांपेक्षा जास्त व्हेंटिलेटरवर राहावं लागलं. घटना क्वचित घडते, बहुतेक वेळा निभावते, पण ज्याचं निभावत नाही ते मूल बहुधा तातडीच्या यादीतलंच असतं.

आता हे घडतं कसं, इथे थोडं थांबू. बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर चित्र असतं ते कलंडलेल्या मडक्याचं : पोट भरलेलं, मूल आडवं झालं, आपोआप ओघळलं. आतड्याला अडथळा असेल तर तसं होतंही. पण बाकीच्या मुलांत नेहमीचा प्रसंग वेगळा असतो. भूल अर्धवट चढलेली आहे, स्नायू अजून पुरते सैल पडलेले नाहीत आणि तेवढ्यात घाईनं लॅरिंगोस्कोप (घसा पाहण्याचं उपकरण) घातला जातो. मूल खोकतं, उबळ येते, पोट आवळतं, अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाशी असलेली झडप सुटते. त्याच क्षणी स्वरयंत्र मात्र नीट बंद व्हायच्या स्थितीत नसतं. म्हणजे दोष पोटातल्या मालाचा जेवढा, तेवढाच हलक्या भुलीचा. भर म्हणून रडताना मूल हवा गिळतं आणि आपण मास्कवरून जोरानं बॅग दाबली की उरलेली हवा आपणच पोटात भरतो. तट्ट फुगलेलं पोट, हलकी भूल आणि घाईचा हात : तिन्ही एकत्र आले की सहा तास उपाशी ठेवलेलं मूलही ओकतं.

'०.४ मि.ली. प्रति किलोपेक्षा जास्त आणि सामू २.५ च्या खाली असलं तर धोका' हा आकडा आजही तोंडी परीक्षेत विचारला जातो. तो १९७४ सालचा, माकडाच्या श्वासनलिकेत थेट आम्ल सोडून केलेल्या प्राथमिक प्रयोगातून आला. पोटात अमुक एवढं असलं तर ते फुप्फुसात जाईल, असं त्यातून सिद्ध होत नाही. नियमानं उपाशी ठेवलेल्या धडधाकट मुलांतल्या कितीतरी जणांच्या पोटात याहून जास्त आम्लरस सापडतो. रिकामं पोट म्हणजे कोरडं पोट नव्हे. उपाशी मुलाच्या पोटातही सरासरी ०.४ मि.ली. प्रति किलो रस असतोच आणि १.२ च्या आसपासपर्यंत तो नेहमीचाच समजायचा. उपास लांबवून तो शून्यावर येत नाही, कारण जठर स्वतःच रस तयार करत असतं.

आता त्या पाच वर्षांच्या मुलाकडे वळू. हाड मोडलं की वेदना, भीती आणि त्यानंतर दिलेलं मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल, या तिघांनी जठराचं काम जवळजवळ ठप्प होतं. म्हणून अपघाताच्या मुलांत जेवणापासून ऑपरेशनपर्यंतचे तास मोजायचे नाहीत. जेवणापासून अपघातापर्यंतचा वेळ मोजायचा. या मुलाच्या बाबतीत तो अर्धा तास आहे. भाताची शितं जशीच्या तशी पोटात असतील असं धरून चाला, मग घड्याळात काहीही वाजलेलं असो. त्यात इंदूरची आणखी एक अडचण : झाबुआ, बडवानी, खरगोनकडून रेफर झालेलं मूल तीन-साडेतीन तासांचा प्रवास करून येतं आणि वाटेत ते रडतं म्हणून कुणीतरी चहात बुडवून बिस्किटं देतं. रेफरच्या कागदावर मात्र 'एनबीएम' (तोंडावाटे काही नाही) एवढंच लिहिलेलं असतं. जेवण कधी झालं, हे आईला एकदा, सोबत आलेल्या आजीला किंवा मामाला वेगळं आणि बोलण्याइतकं मोठं असेल तर मुलालाही विचारा. 'काही खाल्लं का?' असं विचारलं की हटकून 'नाही' येतं. 'गाडीत काय खाल्लं?' असं विचारलं की खरं उत्तर येतं.

मग थांबायचं की नाही? हे पोटावर नाही, हातावर ठरतं. मनगटाची नाडी लागत नाही आणि हात पांढरा, गार पडला आहे, तर एक मिनिटही पोटासाठी थांबू नका. भरलेलं पोट सांभाळण्याची रीत आहे, मेलेला हात परत आणण्याची नाही. हात गुलाबी, उबदार आहे, बोटं हलतात, तर रात्री दोनला घेण्यात काही मिळकत नाही. दोनला पोटही भरलेलं आणि टीमही दमलेली. हात आधार देऊन स्प्लिंटमध्ये ठेवा, पॅरासिटामॉल १५ मि.ग्रॅ. प्रति किलो, म्हणजे २७० मि.ग्रॅ. शिरेतून द्या, सलाईन चालू ठेवा, दर तासाला नाडी आणि बोटांची हालचाल पाहा आणि सकाळी पहिल्या नंबरावर घ्या. सकाळपर्यंत दुखणं आटोक्यात आलं आणि मूल स्वतःहून 'भूक लागली' म्हणू लागलं, तर पोट पुन्हा चालू झालं असण्याची शक्यता वाढते. हे सौम्य लक्षण आहे, पुरावा नाही. सकाळीसुद्धा रीत भरल्या पोटाचीच ठेवा.

पुरावा हवा असेल तर सोनोग्राफी. आता बऱ्याच नर्सिंग होममध्ये ब्लॉकसाठी (नस बधिर करण्यासाठी) मशीन असतंच. एवढ्या मुलाला लिनिअर प्रोब पुरतो. बेंबी आणि छातीच्या हाडाच्या मध्ये प्रोब उभा धरायचा. यकृताचा डावा भाग आणि स्वादुपिंड यांच्यामध्ये, महारोहिणीच्या समोर जठराचा शेवटचा भाग दिसतो. आधी उताणं, मग उजव्या कुशीवर वळवून बघा, कारण द्रव त्याच बाजूला साचतो. मोडलेला हात उजवा असेल तर कुशीवर वळवताना जपून. रिकामं जठर चपटं किंवा वर्तुळात वर्तुळ असं दिसतं. पाणी असेल तर गोल, काळं, कधी आत हवेचे ठिपके चमकताना. घन अन्न दुधी काचेसारखं धुरकट दिसतं आणि मागचं काही दिसू देत नाही. धुरकट दिसलं की मोजमाप करत बसू नका, पोट भरलेलं.

फक्त द्रव दिसत असेल तर मोजा. गणिताला घाबरू नका. उजव्या कुशीवर जठराचे उभा आणि आडवा असे दोन व्यास घ्या, त्यांचा गुणाकार करून ३.१४ नं गुणा आणि चारनं भागा. हे झालं क्षेत्रफळ. त्याला ३.५ नं गुणा, त्यात महिन्यांतलं वय गुणिले ०.१२७ मिळवा आणि ७.८ वजा करा. येतात ते पोटातले मिलिलिटर. या मुलाचं वय ६० महिने. व्यास २.५ आणि २ सें.मी. आले तर क्षेत्रफळ ३.९, द्रव साधारण साडेतेरा मि.ली., म्हणजे किलोमागे ०.७५. हे पोट रिकामंच समजायचं. व्यास ३.५ आणि ३ सें.मी. आले तर क्षेत्रफळ सव्वाआठ, द्रव २८-२९ मि.ली., किलोमागे १.६. मुलांत १.२५ च्या पुढे गेलं की भरलेलं. अडीच आणि साडेतीन सें.मी., डोळ्यांनी बघताना फरक फार वाटत नाही, पण निर्णय उलटा होतो. म्हणून अंदाजानं बोलू नका, मोजा.

आता भूल प्रत्यक्ष कशी द्यायची. पुस्तकातली मोठ्यांची रॅपिड सिक्वेन्स पद्धत (औषध दिल्यावर मास्कवरून श्वास न देता झटपट ट्यूब घालण्याची) मुलांवर जशीच्या तशी लावली की दुसराच धोका उभा राहतो. मोठ्या माणसाला किलोमागे मिनिटाला ३ मि.ली. ऑक्सिजन लागतो, लहान मुलाला त्याच्या दुप्पट आणि छातीतला साठा मात्र लहान. तान्ह्या बाळाचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) श्वास थांबल्यावर दीड-दोन मिनिटांत घसरतं. मॉनिटरचा सूर खाली यायला लागला की भूल देणाऱ्याचा हात घाई करतो, आणि घाई झाली की मूल खोकतं. म्हणजे मास्कवरून श्वास न देण्याचा हट्ट ज्या धोक्यासाठी धरला तोच त्यातून ओढवतो. म्हणून मुलांत आता नियंत्रित पद्धत वापरतात : औषधं भरपूर, स्नायू पुरते सैल, आणि दरम्यान मास्कवरून हळुवार श्वास, दाब १० ते १२ सें.मी. पाण्याच्या वर जाऊ न देता. झुरिचमध्ये या पद्धतीनं १,००१ मुलांना भूल दिली. एकाच्या घशात पोटातलं आलं, पण एकाच्याही फुप्फुसात गेल्याचं दिसलं नाही.

या १८ किलोच्या मुलासाठी तयारी अशी. सक्शन दोन, दोन्ही चालू करून नळीच्या टोकाला बोट लावून बघितलेले. एक उशीखाली, उजव्या हाताला. एकच सक्शन ठेवून, ते भाताच्या शितानं तुंबल्यावर दुसऱ्या खोलीतून आणायला पळापळ करणं, हा रात्रीचा हमखास घोटाळा. तोंडासाठी जाड, कडक सक्शनची नळी लागते. बारीक रबरी कॅथेटरमधून भात येत नाही. टेबल डोक्याकडे खाली करता येतं का, ते आधी करून बघा. लहान ठिकाणी टेबलाचा दांडा नेमका त्याच रात्री अडतो. श्वासनलिकेत घालायची ट्यूब कफवाली (टोकाशी फुगा असलेली) : वय भागिले चार अधिक ३.५ म्हणजे ४.७५, तेव्हा ४.५ हातात, ५ आणि ४ बाजूला. खोली ओठाशी साधारण साडेचौदा सें.मी. कफचा दाब २० सें.मी. पाण्याच्या आसपास, मोजून.

शिरेत इंट्राकॅथ (औषध देण्याची सुई-नळी) आधीच हवी. गॅसनं झोपवून मग शीर शोधणं भरल्या पोटाच्या मुलात नको. डोकं २० अंश वर. मास्कवरून १०० टक्के ऑक्सिजन तीन मिनिटं. मूल मास्क झिडकारत असेल तर आईच्या हातात द्या, जबरदस्तीनं रडवू नका. रडणं म्हणजे हवा गिळणं. फेन्टानिल किलोमागे १ मायक्रोग्रॅम, मग प्रोपोफॉल किलोमागे ३ मि.ग्रॅ., म्हणजे ५४ मि.ग्रॅ., एक टक्क्याच्या बाटलीतून ५.४ मि.ली. मूल कोरडं पडलेलं असेल किंवा रक्त गेलं असेल तर केटामाइन १ ते २ मि.ग्रॅ. प्रति किलो. लगोलग रोक्युरोनियम (स्नायू सैल करणारं औषध) किलोमागे १.२ मि.ग्रॅ., म्हणजे २२ मि.ग्रॅ., २.२ मि.ली. त्याऐवजी स्कोलीन (सक्सिनिलकोलीन) वापरायचं तर किलोमागे १.५ ते २ मि.ग्रॅ. आणि ॲट्रोपिन ०.०२ मि.ग्रॅ. प्रति किलो भरून तयार. स्नायूंचा आजार असलेल्या किंवा तसा संशय असलेल्या मुलाला स्कोलीन अजिबात नको. पोटॅशियम एकदम चढून हृदय बंद पडू शकतं. आणि चालायला उशिरा लागलेला, वारंवार पडणारा पाच वर्षांचा मुलगा म्हटल्यावर हा प्रश्न विचारायलाच हवा. रोक्युरोनियम दिल्यावर ६० सेकंद घड्याळात मोजा. चाळिसाव्या सेकंदाला डोकावून बघायचा मोह आवरा. न्यूरोमस्क्युलर मॉनिटर असेल तर त्याच्यावर विसंबा, स्वतःच्या अधीरतेवर नको.

त्या मिनिटभरात बॅगनं हळू श्वास द्या. जॅक्सन-रीस सर्किटमध्ये (लहान मुलांसाठीच्या बॅग-नळीत) दाब किती पडतोय ते हाताला कळत नाही, म्हणून सर्किटला प्रेशर मीटर लावा. तेवढ्या खर्चात एवढी बचत दुसऱ्या कशात नाही.

क्रिकॉइड दाबाबद्दल (स्वरयंत्राखालचं कुर्चेचं कडं दाबून अन्ननलिका बंद करणं) : १९६१ पासून तो शिकवला जातो, पण मुलांत आता नेमानं वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तान्ह्या बाळाचा श्वासमार्ग ५ न्यूटन एवढ्या हलक्या दाबानंही निम्मा दबतो. अर्धवट भुलीत गळा दाबला की उबळ येते. सिस्टरला, वॉर्डबॉयला किंवा ऑर्थोच्या ज्युनिअरला 'इथे दाबून धर' म्हणताना तो नेमका किती दाबतो हे कुणालाच माहीत नसतं. सिनियरचा आग्रह असेल तर दाबा, पण दिसायला अडचण आली की पहिल्या क्षणी सोडा.

रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) या मुलाला जागेपणी घालू नका. त्या नळीतून पोळीचे तुकडे येत नाहीत, फक्त मूल ओकतं. एंडोट्रॅकियल ट्यूब बसली, कफ फुगवला, दोन्ही बाजूंचा श्वास ऐकला की मग १२ नंबरची नळी तोंडातून पोटात घालून जेवढं निघेल तेवढं काढा. वीस मिनिटांचं के-वायरचं (हाड धरून ठेवणाऱ्या तारेचं) काम आहे म्हणून लॅरिंजियल मास्कवर (श्वासनलिकेत न जाता घशात बसणाऱ्या नळीवर) भागवू नका. 'केटामाइननं घशाच्या प्रतिक्रिया शाबूत राहतात, भरल्या पोटी चालतं' हा समजही जुनाच. केटामाइननं लाळ सुटते, उलटी होते आणि घशाचा आकसही येतो. आणि संपवतानाही तेवढंच सावध राहा. ट्यूब काढताना मूल पूर्ण जागं हवं, डोळे उघडून स्वतः हात ट्यूबकडे नेणारं, डाव्या कुशीवर. सुगामाडेक्स (रोक्युरोनियमचा असर उतरवणारं औषध) नसेल तर निओस्टिग्मीन किलोमागे ०.०५ आणि ग्लायकोपायरोलेट ०.०१ मि.ग्रॅ., म्हणजे ०.९ आणि ०.१८ मि.ग्रॅ., पूर्ण डोस, अर्धा नाही.

इतर नेहमीची भरलेली पोटं थोडक्यात. आतड्याचा अडथळा असलेल्या मुलाच्या पोटात रायल्स आधीपासून असते. भूल द्यायच्या आधी पुन्हा ओढून बघा आणि ती तशीच राहू द्या. पायलोरिक स्टेनोसिसच्या (जठराचं खालचं तोंड आवळलेल्या) बाळाला सर्जरीची घाई नाही, रक्तातल्या क्षारांच्या दुरुस्तीची घाई आहे. आधी सलाईननं क्लोराइड १०० च्या वर आणि बायकार्बोनेट ३० च्या खाली आणा. मग टेबलावर उताणं, उजव्या, डाव्या कुशीवर वळवत जाड, अनेक भोकांच्या कॅथेटरनं पोट पुन्हा पुन्हा ओढा. अशानं जवळजवळ सगळं निघतं. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर रक्त येणाऱ्या मुलाचं पोट गिळलेल्या रक्तानं भरलेलं असतं आणि गेलेलं रक्त बाहेर दिसतं त्याहून जास्त असतं. आधी शिरेतून भरपाई, मग वरचीच रीत. ट्यूब काढण्याआधी पोट रिकामं करा, नाहीतर ते रक्त उठताना बाहेर येतं. अन्ननलिकेत अडकलेला बटन सेल ही तर घड्याळाशी उलटी शर्यत : दोन तासांत आतली भिंत जळायला लागते. तिथे सहा तास थांबणं हीच चूक.

आता सकाळच्या हर्नियावाल्यांकडे. साधं पाणी जठरातून फार लवकर निघतं, दर १०-२० मिनिटांनी निम्मं, त्यातलं पुन्हा निम्मं. स्वीडनमधल्या उप्साला इथे मुलांना थिएटरमध्ये बोलावेपर्यंत पाणी-सरबत पिऊ दिलं. १०,०१५ मुलांत फुप्फुसात गेल्याच्या घटना तीन. ब्रिटन आणि फ्रान्सच्या मुलांच्या भुलीच्या संघटनांनी २०१८ मध्ये आणि युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी साध्या द्रवासाठी एक तास धरला. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनंही मुलांसाठी एक तासाला वाट दिली आहे. अमेरिकेची दोन तासांची रीत अजून चालू आहे, तीही चुकीची नाही. पण दोन तास कागदावर लिहिले की वॉर्डात त्याचे सहा होतात आणि यादी सरकली की दहा. कोरडं, चिडलेलं, साखर घसरलेलं मूल शीरही देत नाही आणि प्रोपोफॉलनं त्याचं बीपीही जास्त पडतं. म्हणून एक तास सांगा. प्रमाण ३ मि.ली. प्रति किलो : एक ते पाच वर्षांपर्यंत साधारण ५५ मि.ली., सहा ते बारा १४०, त्यापुढे २५०. आईच्या दूधाला चार तास धरा (युरोपात तीन मानतात), डब्याच्या आणि गाई-म्हशीच्या दुधाला सहा, हलक्या खाण्याला सहा आणि तळलेल्या, तुपकटाला आठ. पोह्यांना सहा तास पुरतील, पण इंदुरात पोहे एकटे कधी येतात? शेव आणि जलेबी सोबत असेल तर आठ.

घोळ होतो तो शब्दांत. दवाखान्याच्या चिठ्ठीवर 'खाली पेट' असतं, घरात त्याचं भाषांतर 'उपास' होतं. आणि मराठी घरात उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, राजगिऱ्याचा लाडू. नातवाला 'उपासाचंच' दिलं, असं आजी निष्पापपणे सांगते, आणि तिचं काहीच चुकलेलं नसतं. चूक आपल्या शब्दाची. 'उपाशी' म्हणा, आणि चालणाऱ्या-न चालणाऱ्या पदार्थांची नावं घ्या. दुसरा घोळ खास इथलाच. बाहेरगावचा डॉक्टर लिंबू-पाण्याच्या अर्थानं 'शिकंजी चालेल' म्हणून जातो. इंदूरची शिकंजी म्हणजे दूध, मठ्ठा, सुकामेवा घातलेला घट्ट प्रकार, म्हणजे जेवणच. वरणाचं पाणी, भाताची पेज, ताक, उसाचा रस, आंब्याचं डबाबंद पेय, दुधाचा चहा यांतलं काही साधं द्रव नाही. पाणी, गाळलेलं लिंबू-साखर पाणी, ओआरएस, मलई नसलेलं नारळपाणी, ग्लुकोजचं पाणी हे आहे. कसोटी सोपी : ग्लासाच्या मागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता आली पाहिजेत.

आठ वाजताच्या पहिल्या मुलाला रात्री नऊला जेवण, झोपताना दूध, आणि सकाळी साडेसहाला उठवून गाळलेलं सरबत, सातच्या आत. यादी लांबली तर वॉर्डातल्या सिस्टरनं तिसऱ्या नंबरच्या मुलाला पुन्हा एक माप द्यायचं. हे माप म्हणजे औषधाची छोटी वाटी, पाण्याचा तांब्या नव्हे. आणि ही एक तासाची सवलत अडथळ्याच्या, अपघाताच्या, किडनीच्या, अन्ननलिकेच्या आजाराच्या किंवा ओकणाऱ्या मुलाला नाही.

एवढं करूनही घशात हिरवट-पिवळं आलं तर? पहिल्या दहा सेकंदांचं काम : डोकं खाली, मूल डाव्या कुशीवर, घसा सक्शननं साफ. बॅग दाबण्याआधी. आधी दाब दिला तर घशातलं आपणच आत ढकलतो. सॅच्युरेशन टिकत असेल तर लगेच ट्यूब घाला, ट्यूबमधून सक्शन करा, मगच १०० टक्के ऑक्सिजन आणि पाचेक सें.मी. पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब). सॅच्युरेशन कोसळत असेल तर सक्शन आटोपतं घ्या, ऑक्सिजन पहिला. श्वासनलिका आवळल्यासारखी वाटली तर साल्ब्युटामॉल. भूल खोल करा. सलाईन टाकून फुप्फुस 'धुऊन काढणं' बंद करा, त्यानं आम्ल आणखी पसरतं. स्टेरॉइडचा फायदा नाही. अँटिबायोटिक लगेच सुरू करायचं कारण नाही, आतड्याच्या अडथळ्यातलं घाण द्रव गेलं असेल तर वेगळं. घन तुकडा अडकल्याचा संशय, म्हणजे एका बाजूचा श्वास येत नाही, तर रिजिड ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत कडक दुर्बीण घालून तुकडा काढणं). ऑपरेशन अजून सुरू झालं नसेल आणि थांबवता येत असेल तर थांबवा.

नंतर दोन तास हा निकष चांगला : साध्या हवेवर सॅच्युरेशन आधीएवढंच, खोकला नाही, घरघर नाही, तर बहुधा पुढे काही होत नाही. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, आम्लाची खरी सूज चार-सहा तासांनी चढते. दोन तासांनीही ऑक्सिजन लागत असेल तर मुलांचा आयसीयू असलेल्या ठिकाणी वेळेत हलवा, मध्यरात्री दमायला लागल्यावर नाही. घरी सोडताना आईला नेमकं सांगा : झोपेत मिनिटाला श्वास ३० च्या वर, छाती आत ओढली जाते, ताप १०१ च्या वर, खोकला वाढतोय, तर परत या. आणि केसपेपरवर लिहा की मुलानं काय आणि कधी खाल्लं होतं, घटना भूल चढताना झाली की उतरताना, घशातून काय निघालं, किती सेकंद सॅच्युरेशन खाली होतं. काही आठवड्यांनी हाच मुलगा तारा काढायला येईल, तेव्हा भूल देणारा दुसरा कुणी असेल.